मनातले मांडे रीतसर कसे खावेत
ब्रिटनमध्ये राहून छोट्या खाद्यव्यवसायाचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठी

परदेशात काही वर्षे काढलेल्या मराठी माणसाच्या मनात कधी ना कधी एक छोटेसे दुकान उघडते. कधी ती वडापावची गाडी असते, कधी शनिवार-रविवारची खानावळ, तर कधी नुसते चकली-चिवड्याचे डबे. दुकानाचे नाव ठरलेले असते, पाटीचा रंगही ठरलेला असतो. दर मंगळवारी भांडी कोण घासणार, एवढेच ठरायचे राहिलेले असते. कचेरीतल्या कंटाळवाण्या बैठकीत किंवा परतीच्या गाडीत हे दुकान विशेष जोरात चालते. अशा स्वप्नरंजनात वाईट काही नाही. ते अर्धवट पाहिले की मात्र वर्षानुवर्षे चघळले जाते आणि त्यातून व्यवसायही उभा राहत नाही, मनही मोकळे होत नाही. म्हणून ते तपशिलाने, मोजमापासह आणि कागद-पेन्सिल हाती घेऊन कसे पाहावे, याची ही पद्धत आहे. नियम देशोदेशी निराळे असल्यामुळे येथे ब्रिटनचेच उदाहरण घेतले आहे.

पहिले काम म्हणजे स्वप्नातील पदार्थांची यादी निर्दयपणे कापणे. मनातल्या दुकानात मिसळ, थालीपीठ, पुरणपोळी, कोथिंबीर वडी, सोलकढी आणि उकडीचे मोदक एकाच वेळी मिळत असतात. खऱ्या स्वयंपाकघरात चार शेगड्या आणि एक फ्रीज असतो. एकच पदार्थ निवडावा, आणि तो निवडताना स्वतःला काय आवडते यापेक्षा तो किती काळ टिकतो हे आधी पाहावे. उकडीचा मोदक चांगला जमणे हे भूषण खरे, पण तो सकाळी वळून दुपारपर्यंत खाल्ला जावा लागतो, त्याला मागणी मुख्यतः चतुर्थीच्या आसपास असते आणि त्या आठवड्यात तुमच्या ओळखीतल्या आणखी चार सुगरणी तेच करत असतात. चकली, कडबोळी, शंकरपाळे आणि चिवडा यांचे गणित वेगळे आहे. हे पदार्थ दोन-तीन आठवडे सहज टिकतात, टपालाने जातात आणि रात्री मुले झोपल्यावर तळता येतात. त्यांचा शत्रू इथली दमट हवा. त्यामुळे घाणा काढल्यावर पूर्ण निवेपर्यंत थांबणे आणि हवाबंद पाकिटे वापरणे या दोन गोष्टींवर चकलीचा खुसखुशीतपणा अवलंबून राहतो. उन्हात वाळवायचे पापड, सांडगे आणि कुरडया यांचा विचार मात्र करू नये. लंडनच्या जून महिन्यावर कोणीही भांडवल लावू नये.

पदार्थ ठरला की त्याचे साहित्य इथे कोणत्या रूपात मिळते ते पाहावे. बटाटेवड्यासाठी मॅरिस पायपर जातीचा पिठूळ बटाटा चांगला, कारण चिकट बटाट्याचे सारण घोटले की लापशीसारखे होते. अळूची पाने आणि खवलेला नारळ गोठवलेल्या पाकिटांत वेंब्ली, साउथॉल, हाउन्स्लो किंवा लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरील दुकानांत मिळतात. थालिपिठाची भाजणी घरी भाजून दळणे हेच खात्रीचे. पावाचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण इथले मऊ पांढरे बन किंचित गोडसर असतात आणि आपल्या लादीपावाचा चिवटपणा त्यांत नसतो. स्थानिक बेकरीवाल्याशी बोलून हवा तसा पाव करून घेणे शक्य असते, परंतु तो किमान किती नगांची मागणी स्वीकारेल, हा आकडा स्वप्नाच्या कागदावर लिहून ठेवावा. दुकानातील छापील किमतीही त्याच फेरीत टिपून घ्याव्यात. त्या पुढे लागणार आहेत.

यानंतर आपल्या हातच्या चवीची जी स्तुती झालेली आहे तिची छाननी करावी. ‘अहो, तुम्ही हॉटेलच काढा’ असे म्हणणारा पाहुणा फुकट जेवलेला असतो, घरापासून दूर असतो आणि बहुधा महिनाभर त्याने वरणभातही नीट खाल्लेला नसतो. त्याचे म्हणणे प्रामाणिक असले तरी त्यावरून बाजाराचा अंदाज बांधता येत नाही. तीन वेगळ्या गटांची यादी करावी: आपले मराठी लोक, अन्य भारतीय आणि भारताशी संबंध नसलेले लोक. पहिल्या गटाला पदार्थ समजावून सांगावा लागत नाही, मात्र तो आईच्या चवीशी तुलना करतो आणि भावाची घासाघीस करतो. तिसऱ्या गटाला थालीपीठ म्हणजे काय हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे, पण एकदा आवडले की तो छापील किंमत निमूटपणे देतो. माझ्या मते पहिल्या गटावर सुरुवात करता येते, मात्र केवळ त्याच्यावर व्यवसाय उभा राहणे कठीण, कारण गणपती आणि दिवाळी यांच्यामध्ये हा ग्राहक दिसतो आणि पौष महिन्यात अदृश्य होतो.

वडापावचे स्वप्न पाहणाऱ्यांपुढे एक खरे उदाहरण आहे. २०१० साली पश्चिम लंडनमधील हाउन्स्लो येथे सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या मुंबईत एकत्र शिकलेल्या मित्रांनी वडापाव विकायला सुरुवात केली, आणि त्यातून ‘श्रीकृष्ण वडापाव’ हे उपाहारगृह उभे राहिले. लोक यातील यश लक्षात ठेवतात. अभ्यास करावा तो सुरुवातीचा. त्यांनी आधी उपाहारगृह थाटले नाही, दुसऱ्याच्या चालू असलेल्या कॅफेतील एक छोटी जागा भाड्याने घेतली, आणि तीही भारतीय वस्ती दाट असलेल्या भागात. आपल्या स्वप्नातील काचेचे दार, पितळी दिवे आणि भिंतीवरील वारली चित्रे बाजूला ठेवून अशी एखादी उसनी जागा आपल्या गावात कोठे आहे, हे पाहायला एक रविवार खर्च करावा.

आता स्वप्नाच्या मधोमध बसलेला प्रश्न, ज्याच्याकडे बहुतेक जण शेवटी वळतात: आपल्या व्हिसावर हे चालते का? ‘स्किल्ड वर्कर’ या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला नोकरीव्यतिरिक्त मर्यादित जास्तीचे काम काही अटींवर करता येते, परंतु स्वतःचा व्यवसाय त्यात बसत नाही. विद्यार्थी व्हिसावरही स्वयंरोजगाराला मनाई आहे, मग ते आठवड्याला दहा डबे का असेनात. शिक्षणानंतरच्या ‘ग्रॅज्युएट’ व्हिसावर स्वयंरोजगार चालतो. ‘स्किल्ड वर्कर’चा जोडीदार म्हणून आलेल्या व्यक्तीलाही तो सर्वसाधारणपणे करता येतो, आणि कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर ही अडचण उरत नाही. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची अशीच अडचण आहे, आणि एच-४ वर असलेल्या जोडीदाराला कामाचा स्वतंत्र परवाना मिळेपर्यंत काहीही विकता येत नाही. येथे एक पळवाट हमखास सुचवली जाते, ती म्हणजे व्यवसाय जोडीदाराच्या नावावर दाखवायचा आणि कष्ट आपण करायचे. ती सुचवणाऱ्याचा व्हिसा पणाला लागलेला नसतो. स्वतःच्या परवानगीपत्रावरील अटी शब्दशः वाचाव्यात आणि शंका राहिल्यास नोंदणीकृत सल्लागाराला विचारावे. समाजमाध्यमांवरील गटांत विचारू नये.

व्हिसा अनुकूल असेल तर एक संपूर्ण शनिवार मनात तासवार जगून पाहावा. पुरणपोळीचे उदाहरण घेऊ. समजा चाळीस पोळ्यांची मागणी आहे. साहित्य आणायला एक तास, डाळ शिजवून, कटाचे पाणी काढून, गूळ घालून पुरण आटवायला आणि ते पुरणयंत्रातून फिरवायला दीड तास, कणीक तिंबून मुरवायला आणि उंडे करायला मिळून एक तास, एका तव्यावर चाळीस पोळ्या लाटून भाजायला अडीच तास, बांधणी करून पोहोचवायला एक तास आणि ओटा, भांडी व पिठाने पांढरी झालेली जमीन आवरायला आणखी एक तास, असे आठ तास होतात. साहित्य, पाकिटे, वीज-गॅस, प्रवास आणि विम्याचा वाटा मिळून समजा चाळीस पौंड खर्च आला. पोळी दोन पौंडांना विकली तर ऐंशी पौंड जमतात, खर्च वजा जाता चाळीस उरतात, म्हणजे तासाला पाच पौंड पडतात. एप्रिल २०२५ पासून इथल्या एकवीस वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते; त्या दराने स्वतःची मजुरी धरली तर आठ तासांचे जवळजवळ अठ्ठ्याण्णव पौंड होतात आणि पोळीची किंमत साडेतीन पौंडांच्या आसपास जाते, तीही नफा न धरता. हे आकडे कल्पित आहेत आणि वाचकाने स्वतःचे घालावेत. हिशेबाची रीत मात्र हीच ठेवावी. स्वतःचे श्रम फुकट धरणारा हिशेब घरच्या सणाला शोभतो, व्यवसायाला नाही, आणि आपल्याकडे तो बायकांच्या श्रमांच्या बाबतीत विशेष सहजपणे केला जातो.

याच बैठकीत ती साडेतीन पौंडांची पोळी तुम्ही स्वतः विकत घ्याल का, याचे उत्तर लिहावे. ‘नाही’ असे आले तर दोन वाटा उरतात. एकतर पोळी सुटी न विकता कटाची आमटी, भात, बटाट्याची भाजी आणि एक पोळी असे पूर्ण ताट विकावे, कारण ताटाच्या किमतीत श्रम सामावतात. नाहीतर पुरणपोळी हौसेसाठी राखून चिवड्याकडे वळावे, कारण चिवड्यात एका घाण्यात दोन किलो माल तयार होतो. घरपोच अन्न पोहोचवणाऱ्या ॲपच्या आधाराने वाढण्याचा बेत असल्यास त्यांचे कमिशन विक्रीकिमतीच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्तही असू शकते, हे धरून पुन्हा बेरीज करावी. बहुतेक घरगुती बेत या बेरजेत टिकत नाहीत.

नियमांची बाजू लोकांना वाटते तेवढी भयंकर नाही. अन्नाचा व्यवसाय घरातून, गाडीवरून किंवा दुकानातून करायचा असला तरी स्थानिक कौन्सिलकडे त्याची नोंदणी विक्री सुरू होण्याच्या किमान २८ दिवस आधी करावी लागते. तिला शुल्क नाही आणि ती नाकारली जात नाही. त्यानंतर अधिकारी स्वयंपाकघर पाहायला येतात आणि इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये स्वच्छतेसाठी शून्य ते पाच यांपैकी गुण देतात. स्कॉटलंडमध्ये केवळ उत्तीर्ण किंवा सुधारणा आवश्यक असा शेरा मिळतो. फूड स्टँडर्ड्स एजन्सी या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने ‘सेफर फूड, बेटर बिझनेस’ नावाची विनामूल्य वही तयार केली आहे. स्वच्छता, शिजवणे, थंड करणे आणि साठवण यांची रोजची नोंद तिच्यात ठेवता येते, आणि स्वप्न कितपत सोसवेल हे तपासायला ती फार उपयोगी पडते: ती वही दोन आठवडे आपल्या घरच्याच स्वयंपाकासाठी भरून पाहावी. ज्याला दहाव्या दिवशी फ्रीजचे तापमान लिहिण्याचा वीट येतो त्याने आपल्या स्वभावाची नोंद घ्यावी.

तापमानाचे मुद्दे थोडे आहेत, पण घरच्या सवयींच्या थेट विरुद्ध जाणारे आहेत. विक्रीसाठी गरम ठेवलेले अन्न ६३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर आणि थंड अन्न ८ अंश किंवा त्याखाली राहिले पाहिजे. मसालेभात दुपारी करून ओट्यावर झाकून ठेवायचा आणि रात्री डब्यात भरायचा, हे चालत नाही, कारण शिजवल्यानंतरही तांदळात टिकून राहणारे बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. भात पसरट ताटात पसरून झटपट थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा. त्या ताटाला फ्रीजमध्ये जागा आहे का, हे मोजपट्टी लावून पाहावे. अनेक स्वप्ने या एका कप्प्याला अडखळतात.

सर्वांत जास्त वेळ मात्र ॲलर्जीच्या विषयाला द्यावा, कारण आपल्या स्वयंपाकात ही सवय जवळजवळ नाही. ब्रिटनच्या कायद्यात ॲलर्जी आणणाऱ्या चौदा घटकांची यादी आहे आणि ते आपल्या पदार्थात आहेत की नाहीत हे ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे. साधा पातळ पोह्यांचा चिवडा घ्या. त्यात शेंगदाणे आहेत, काजू आहेत, फोडणीत मोहरी आहे, वरून तीळ आहेत, डबीतल्या बहुतेक हिंगांत गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि सोनेरी बेदाणे वापरले तर त्यांवर सल्फर डायऑक्साइडची प्रक्रिया झालेली असू शकते. घरात निरुपद्रवी वाटणाऱ्या एका पाकिटात चौदांपैकी सहा घटक भरले. खोबरे मात्र या यादीत येत नाही, डाळेही येत नाही. मोदकात तूप म्हणजे दूध आले, साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणा आला, आणि भाजणीत गहू घातला असेल तर तो आला. शिवाय एकाच कढईत, एकाच झाऱ्याने आणि एकाच मिक्सरमध्ये सर्व काही करणाऱ्या घरात ‘यात शेंगदाणा नाही’ असे छातीठोकपणे सांगता येत नाही. २०१६ साली नताशा एदनान-लापरूज या पंधरा वर्षांच्या मुलीचा वेष्टनावर न नोंदवलेल्या तिळामुळे मृत्यू झाला, आणि त्यानंतर झालेला, तिच्याच नावाने ओळखला जाणारा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. मागणी येण्यापूर्वीच स्वतः बांधून आपल्याच ठेल्यावर ठेवलेल्या पाकिटावर त्यामुळे पदार्थाचे नाव आणि सर्व घटक छापावे लागतात, व चौदांपैकी असलेले घटक ठळक करावे लागतात. फोनवरून मागवलेल्या डब्याबाबत ही माहिती मागणी नोंदवण्यापूर्वी आणि डबा हाती देताना, अशी दोनदा द्यावी लागते. आपल्या स्वप्नातील पदार्थाचे असे एक लेबल आजच हाताने लिहून पाहावे. घरातील हिंगाची डबी आणि मसाल्याची पाकिटे उलटून वाचण्याची सवय तेथूनच लागते.

घराचाही विचार करावा. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी लागते आणि अनेक करारांत व्यवसायाला मनाई असते. घराच्या नेहमीच्या विम्यात व्यवसायातून उद्भवलेली हानी बहुधा धरलेली नसते, त्यामुळे सार्वजनिक दायित्वाचा वेगळा विमा काढावा. तळणीच्या धुराने वाजणारा धोक्याचा भोंगा आणि वरच्या मजल्यापर्यंत जाणारा मिरचीच्या ठेच्याचा खकाणा यांबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोललेले बरे. व्यवसायाचे वापरलेले तेल मोरीत ओतता येत नाही; ते परवानाधारक संकलकाकडे द्यावे लागते. कराबाबत एवढे पुरे की एका करवर्षात अशी एकूण विक्री एक हजार पौंडांपर्यंत असेल तर ती सर्वसाधारणपणे कर खात्याला कळवावी लागत नाही, मात्र कौन्सिलकडील नोंदणीला ही सूट लागू होत नाही. व्हॅटची नोंदणी वर्षाला नव्वद हजार पौंडांच्या उलाढालीनंतर येते. तो दिवस उगवला तर पेढे वाटावेत, तेही इथेच केलेले, कारण भारतातून सामानात दुधाचे पदार्थ आणायला परवानगी नाही.

ज्यांचा व्हिसा आड येतो त्यांनीही हा कागद फाडू नये. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि इतर शहरांतही मंडळे आहेत. गणेशोत्सवाच्या महाप्रसादासाठी त्यांच्या स्वयंपाकघरात हात कमी पडतात. तेथे विनामोबदला एक दिवस दीडशे-दोनशे पानांचा स्वयंपाक करणाऱ्यांत उभे राहिले की दहा किलो कांदा चिरणे म्हणजे काय आणि मोठ्या पातेल्यात मीठ का चुकते, हे कळते. अन्नस्वच्छतेचा दुसऱ्या पातळीचा अभ्यासक्रम घरबसल्या थोड्या खर्चात होतो आणि त्याला व्हिसाची आडकाठी नाही.

व्हिसा अनुकूल असेल, हिशेब जुळत असेल आणि वही दोन आठवडे भरून झाली असेल, तर पहिली विक्री दिवाळीच्या फराळाची ठेवावी, कारण त्या काळात ग्राहक स्वतःहून विचारत येतो. २८ दिवसांची अट पाहता घटस्थापनेला अर्ज केला तर उशीर होतो: तेथून लक्ष्मीपूजन साधारण चार आठवड्यांवर असते आणि फराळ त्याच्या निदान आठवडाभर आधी लोकांच्या घरी पोहोचायला हवा. म्हणून कौन्सिलचा अर्ज पितृपक्ष लागतानाच भरावा, नवरात्रात एका पदार्थाचे नमुने पैसे न घेता ओळखीबाहेरच्या लोकांना चाखायला द्यावेत, आणि दसऱ्याला मागणी घेणे सुरू करून घरच्या कढईला झेपेल त्या आकड्यावर ते बंद करावे.